अप्पा शो मागतात

अप्पा पॅक झाल्याचं आमच्या घराण्यात कुणाला आठवत नाही. पहिल्याच फेरीत दुर्री-सत्ती-दश्शी अशी भिकार पानं बघून ती सरकवून देणं वेगळं. तेवढं तेही करतात. पण डावात दोघंच उरलेत, मघापासून रुपया-रुपयानं खेळणाऱ्या माणसानं एकदम चाल दुप्पट केलीय, आणि आता ठरवायचंय की याच्याकडे खरंच काही आहे की हा नुसताच फुगलाय, अशा घटकेला अप्पांनी ‘जाऊ दे, घे तू’ म्हटल्याचं उदाहरण नाही. ते शो मागतात. दरवेळी मागतात. आणि तरीही, मागण्याआधी ते विचार करतात.

हा विचार पाहण्यासारखा असतो. अप्पा आधी आपली तीन पानं एकावर एक जुळवून सतरंजीवर पालथी ठेवतात आणि वर अडकित्ता ठेवतात. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून, असं सांगतात. वारा नसतानाही ठेवतात. मग चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसतात आणि समोरच्याकडे रोखून बघतात. चष्मा हातात असल्यामुळे समोरचा त्यांना दिसत नसतो, हे समोरच्यालाही ठाऊक असतं, तरी तो चुळबुळायला लागतो. मग चौकशी सुरू होते.

“ब्लाइंड किती फेऱ्या खेळलास? तीन. चौथ्या फेरीला पानं उचललीस. उचलल्यावर लगेच चाल केली नाहीस, आधी पाणी प्यायलास. पाणी कशाला प्यायलास?”

“तहान लागली म्हणून, अप्पा.”

“हं.”

या ‘हं’नंतर दहा मिनिटं सहज जातात. पॅक झालेल्या मंडळींपैकी कुणी चहा टाकायला उठतं, कुणी गणपतीपुढच्या समईत तेल घालून येतं, कुणी उगाच अंगणात बॅटरी मारून परत येतं. पहाटेच्या एका डावात धाकट्या काकांनी तेवढ्या वेळात आंघोळ उरकून घेतली होती. समोरच्याकडे तिर्रीची जोडी असो की तीन राजे, तो शेवटी हात जोडतो, “अप्पा, काय ते एकदा करा हो.” तेव्हा कुठं अप्पा चष्मा डोळ्यांवर चढवतात, पैसे मोजून पटात सरकवतात आणि म्हणतात, “दाखव.” निकाल पहिल्यापासून ठरलेला असतो; पण सुनावणी झाल्याशिवाय तो द्यायचा नाही, हा अप्पांचा बाणा.

ही बैठक आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या घरी गौरी-गणपतीच्या जागरणाला बसते. मुंबई-पुण्याहून सगळे चाकरमानी आलेले असतात. माजघरात पोरांचं बदाम सात आणि झब्बू चालू असतं, पडवीत आमची तीन पत्ती. बूट एक रुपया, चाल जास्तीत जास्त वीस. माणसं मोबाइलातून पैसे द्यायला लागल्यापासून खेळायला सुटे मिळत नाहीत, म्हणून एक चुलतभाऊ दरवर्षी नाण्यांची पिशवीच घेऊन येतो. ती तो कुठून आणतो, हे आजवर एकट्या अप्पांनी विचारलेलं आहे. रात्रभर हरलं तरी चांगल्या आंब्यांच्या एका डझनाएवढेही पैसे जात नाहीत. त्यामुळे इथं माणसाचा स्वभाव स्वस्तात बघायला मिळतो.

अप्पांचा स्वभाव बँकेनं घडवला. तीस-बत्तीस वर्षं ते बँकेच्या तपासणी खात्यात होते. सकाळी शाखा उघडायच्या आत दारात उभं राहायचं, तिजोरी उघडायला लावायची, रोकड मोजायची, मग व्हाउचरं मागायची. मॅनेजर सांगतोय म्हणून त्यांनी कधी एक आकडा मानला नाही. ‘व्हाउचर कुठाय?’ हा त्यांचा प्रश्न तीन जिल्ह्यांत प्रसिद्ध होता. निवृत्तीनंतर बँक सुटली, प्रश्न राहिला. तीन पत्तीत शो मागण्याची सोय आहे म्हणूनच ते हा खेळ खेळतात, असा माझा समज आहे. रमीत ही सोय नाही, म्हणून रमी त्यांना अळणी वाटते.

शो फुकट मिळत नाही. चालीइतके पैसे आधी टाकावे लागतात, आणि तेही दोघंच उरल्यावर. बाकीच्यांना हे पैसे जिवावर येतात. अप्पा ते तोट्यात धरतच नाहीत, तपासणी-खर्चात धरतात. एका वर्षी त्यांनी शो मागितला तेव्हा दोघांकडेही राजा-दश्शी-चव्वी निघाली. आता आमच्याकडचा नियम असा की, पानं बरोबरीत सुटली तर ज्यानं शो मागितला तो हरतो. पट समोरच्यानं ओढून घेतला. आम्हाला वाटलं, अप्पा चिडतील, निदान नियमावर वाद घालतील. अप्पांच्या चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं. “पण कळलं ना!” ते म्हणाले. “खातं जुळलं.”

मी स्वतः उलट्या जातीचा. समोरच्यानं चाल वाढवली की माझी पानं आपोआप पालथी होतात. मग रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या मी शेजारच्याला विचारतो, “मघाशी काय होतं रे तुझ्याकडे?” तो अंधारात ‘तीन राण्या’ असं काहीतरी सांगतो आणि मला झोप लागते. अप्पांना हे कळलं तेव्हा ते माझ्याकडे, एखाद्या कारकुनानं बिनसहीचा चेक पास केला असावा, तसे बघत राहिले. समोरचे सगळे पॅक झाल्यावर जिंकलेला माणूस आपली पानं न दाखवता गड्डीत मिसळतो, हा तर त्यांच्या मते पुरावा नष्ट करण्याचाच प्रकार आहे. डाव दुसऱ्यांचा असला तरी त्यांचा हात नकळत त्या पानांकडे जातो. दोनदा त्या हातावर चापट बसलेली आहे.

पत्त्यांपुरतंच हे असतं तर चित्र काढण्याजोगं काही नव्हतं. पण जगात जिथं जिथं कुणी हवा करतंय असा संशय येतो, तिथं तिथं अप्पा पैसे टाकून बघतात. पुण्यात एप्रिलमध्ये कोपऱ्याकोपऱ्यावर ‘अस्सल देवगड हापूस’च्या पाट्या लागतात. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे, पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं; त्या वर्षापासून अप्पांच्या अंगात तपासनीस पुन्हा संचारला. कर्नाटकाचा आंबा देवगडचा म्हणून खपवतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. शहाणा माणूस विक्रेत्याच्या डोळ्यांत बघतो, नाक लावून वास घेतो, आणि पुढं जातो. अप्पाही बघतात, वास घेतात, पाणी कशाला प्यायलास असलं काहीतरी विचारतात, आणि मग एक डझन घेऊन घरी येतात. एक फोड तोंडात टाकतात. “कर्नाटक!” विजयी मुद्रेनं आवाज येतो. उरलेले आंबे काकू मुकाट्यानं मिल्कशेकमध्ये घालते. गेल्या मोसमात असे चार डझन कर्नाटक सिद्ध झाले.

किंवा ‘या एकदा घरी’ ही चाल घ्या. रस्त्यात भेटलेला ओळखीचा माणूस निरोप घेताना ही चाल करतो आणि दुसरा ‘येऊ की’ म्हणून पॅक होतो. दोघांचंही काही जात नाही, समाज चालतो. अप्पांना असं कुणी म्हटलं की ते तिथंच थांबतात. “कधी?” म्हणून विचारतात. समोरचा म्हणतो, “कधीही या हो, घर तुमचंच आहे.” गुरुवारी संध्याकाळी साडेसातला अप्पा सपत्नीक दारात. यजमानीणबाईंच्या हातात तेव्हा अर्धी निवडलेली मेथी असते. परत येताना अप्पा रिक्षात काकूला सांगतात, “नव्हतं त्याच्याकडे काही.”

काकूच्या माहितीप्रमाणे त्यांनी मुलगी बघायचा कार्यक्रमही तीनदा केला होता. पहिल्यांदा सगळ्यांबरोबर, दुसऱ्यांदा पत्रिकेतली जन्मवेळ पडताळायला, तिसऱ्यांदा नुसतेच. मात्र ‘ही कुठली नवी, जुनीच साडी आहे’ या काकूच्या चालीवर त्यांनी आजवर एकदाही शो मागितलेला नाही. तिथं ते चष्मासुद्धा पुसत नाहीत. त्यामुळे अप्पांना मोठे पट ओळखता येत नाहीत असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

मूळ लहानपणी असावं. माई, म्हणजे अप्पांची आत्या, आता ऐंशीच्या पुढं आहे. ती सांगते की पोरवयात ही भावंडं ‘चॅलेंज’ खेळायची. पानं पालथी टाकत ‘तीन गुलाम’, ‘आणखी एक गुलाम’ असं ठोकून द्यायचं. कुणाला खोटं वाटलं तर त्यानं चॅलेंज म्हणायचं. खोटं निघालं तर टाकणाऱ्यानं ढीग उचलायचा, खरं निघालं तर चॅलेंज देणाऱ्यानं. “दुपारभर खेळायची हो पोरं,” माई म्हणते, “आणि संध्याकाळी सगळी गड्डी बाळच्या हातात. मुठीत मावायची नाही. पण खूश!” बाळ म्हणजे अप्पा.

एवढ्या वर्षांत या स्वभावाचा जो परिणाम झाला, तो अप्पांना मुळीच अपेक्षित नव्हता. त्यांच्याशी थापा मारणं सगळ्यांनी सोडून दिलं. सरळ हिशेब आहे. जो माणूस हमखास शो मागणार, त्याच्यासमोर रिकाम्या हातानं चाल वाढवायला कोण बसलंय? अप्पा डावात असले की किरकोळ पानंवाले लवकर पॅक होतात, आणि ज्याच्याकडे रंग किंवा सिक्वेन्स जमलाय तो निवांत मांडी घालून चाल वाढवत नेतो. म्हणजे या माणसानं जन्मभर थाप पकडण्यासाठी पैसे टाकले आणि पैसे टाकण्याच्या या ख्यातीमुळेच त्याच्या वाट्याला थाप येईनाशी झाली. दर शोला समोर अस्सल पानं. आम्ही सगळे त्यांच्यापुढं युधिष्ठिर. दुसरा कुणी यावरून माणसं प्रामाणिक आहेत असा निष्कर्ष काढून मोकळा झाला असता. अप्पांचा संशय दरवर्षी वाढत चाललाय. “इतकं सगळं खरं असूच शकत नाही,” ते म्हणतात. शाखेच्या तपासणीत काहीच सापडलं नाही की ते असेच अस्वस्थ व्हायचे म्हणे.

शेवटी त्यांनी गणिताचा आधार घेतला. एका जुन्या डायरीच्या मागच्या पानांवर त्यांनी सगळं मांडून ठेवलंय. बावन्न पत्त्यांतून तीन पानं २२,१०० तऱ्हांनी येऊ शकतात. त्यांतल्या १६,४४० हातांत काहीच नसतं, नुसतं मोठं पान. जोडी ३,७४४ हातांत. तीन सारखी पानं अवघ्या ५२ हातांत, म्हणजे सव्वाचारशेत एकदा. ही डायरी उघडून त्यांनी परवा पुतण्याला ठणकावलं, “शंभरात चौऱ्याहत्तर वेळा समोरच्याकडे काही नसतं! आणि तुम्ही मला सांगता शो मागू नका?”

पुतण्या बेंगळुरूला असतो आणि तिथं दर शनिवारी मित्रांबरोबर पोकर खेळतो. तो म्हणाला, “अप्पा, हे गणित पानं वाटल्यावरचं आहे. सहा फेऱ्या चाल वाढवत टिकून राहिलेल्या माणसाचं नाही. काही नसलेले चौऱ्याहत्तर तोपर्यंत उठून चहा प्यायला गेलेले असतात.”

“आणि त्यांतला एखादा लबाड बसून राहिला असेल तर?”

“असेल. पण किती आहेत तसे, आणि तुम्हाला बघायला किती पडतात, एवढंच ठरवायचं असतं.” मग त्यानं पोकरवाल्यांचा हिशेब सांगितला. पटात शंभर रुपये आहेत. समोरच्यानं पन्नास लावले. तुम्ही पन्नास टाकून दीडशे जिंकायला बसलात. म्हणजे चारांतून एकदा जरी तो थापाड्या निघाला तरी तुमचे पैसे सुटले. त्याहून जास्त वेळा निघत असेल तर टाका, कमी वेळा निघत असेल तर सोडा.

अप्पांनी हे दोनदा म्हणून घेतलं. “म्हणजे चारांत तीनदा मी चुकलो तरी माझं बरोबर?”

“तसंच म्हणायचं तर, हो.”

“मग मी इतकी वर्षं बरोबरच खेळत होतो!”

पुतण्यानं कपाळाला हात लावला. पोकरमध्ये अशा गिऱ्हाइकाला ‘कॉलिंग स्टेशन’ म्हणतात, हे त्यानं अप्पांना सांगितलं नाही, मला सांगितलं. अप्पांचं मन वळवायला त्यानं मोबाइलवर एक जुना डाव काढला. २००३ साल, लास व्हेगस, वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर. ८३९ खेळाडूंतून दोघंच उरलेले. एक सॅमी फार्हा, मुरलेला जुगारी, ओठांत न पेटवलेली सिगारेट. दुसरा टेनेसीचा एक अकाउंटंट, इंटरनेटवरची स्वस्तातली पात्रता फेरी जिंकून आलेला. नाव ख्रिस मनीमेकर.

“आडनाव मनीमेकर?” अप्पांनी व्हिडिओ थांबवला. “इथंच पहिली थाप.”

“खरं आडनाव आहे, अप्पा.”

“कागद बघितलेस?”

व्हिडिओ पुढं सरकला. टेबलावरची पाच पानं उघडी, ती दोघांच्या सामाईक. फार्हाच्या हातातली नव्वी टेबलावरच्या नव्वीशी जुळलेली, म्हणजे त्याची जोडी झालेली. मनीमेकरचा रंगही हुकलेला, सिक्वेन्सही हुकलेला, हातात एक राजा आणि एक सत्ती, बाकी आनंद. आणि शेवटचं पान पडल्यावर या अकाउंटंटानं आपल्यापुढची सगळी रास पुढं ढकलली. नंतर पुतळ्यासारखा बसून राहिला. फार्हा विचारात पडला. तुझा रंग हुकलेला दिसतोय, अशा अर्थाचं तो तोंडानं बोलूनसुद्धा दाखवतो. अप्पा सतरंजीवर गुडघ्यांवर उभे. “हुकलाय! हुकलाय रे त्याचा! माग शो! घाल पैसे!” पोरं माजघरातून धावत आली. फार्हानं पानं टाकून दिली. मनीमेकर ती स्पर्धा जिंकला, २५ लाख डॉलर घेऊन गेला, आणि त्याला बघून जगभर असंख्य लोक पोकर खेळायला लागले, वगैरे पुतण्या सांगत होता. अप्पांचं तिकडं लक्ष नव्हतं. मघाचा मुद्दा त्यांच्या घशात अडकला होता. “म्हणजे त्याला कळलं होतं. तोंडानं बोलला. आणि सोडलं?” थोड्या वेळानं पुन्हा, “आणि तो दुसरा हिशेबनीस? हिशेबनिसानं असं करायचं?”

खरं सांगायचं तर फार्हाचं वागणं मलाही कळतं आणि अप्पांचं दुःखही कळतं. पानं टाकली तर बनलोय की वाचलोय हे कधीच कळणार नाही, आणि हे न कळणं घेऊन पुढचा डाव खेळायचा. पुतण्याच्या मते कधीमधी कुणाकडून बनवलं जाणं हा चांगल्या खेळाचा भागच आहे. ज्याला कधीच कुणी बनवलं नाही तो नक्की जास्त किंमत मोजतोय. “मोजतोय ना?” अप्पा म्हणाले. “माझेच आहेत.” फॉन नॉयमान नावाच्या थोर गणितज्ञानं मोर्गेनस्टर्नबरोबर १९४४ साली लिहिलेल्या ग्रंथात पोकरवर अख्खा विभाग आहे, आणि थाप मारायची तर ती मधल्या पानांवर न मारता सगळ्यात वाईट पानांवर मारावी असं त्याच्या गणितात निघतं, हे ऐकल्यावर तर अप्पांनी कानांवर हात ठेवले. थापेला शास्त्राधार! पुतण्यानं मग शेवटचं अस्त्र काढलं. पिट्सबर्गच्या एका कसिनोत जानेवारी २०१७ मध्ये लिब्रेटस नावाचा कॉम्प्युटर प्रोग्राम चार व्यावसायिक खेळाडूंशी एक लाख वीस हजार डाव खेळला आणि त्यानं चौघांनाही हरवलं. त्यालाही थापा मारता येतात.

“तो पाणी पितो?” अप्पांनी विचारलं.

“नाही.”

“मग ओळखायचं कसं?” आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा पडलेला दिसला.

त्याच रात्री माईनं त्यांना धरलं. माई दरवर्षी खेळते, पण पानं बघत नाही. मोतीबिंदू काढल्यापासून तिला लख्ख दिसतं, पण बघायचा कंटाळा करते. पानं वाटली की ती सुपारीच्या डब्याखाली सरकवते आणि आपली पाळी आली की एक रुपया पुढं करते. आता नियम असा की, बघून खेळणाऱ्याला ब्लाइंड खेळणाऱ्याच्या दुप्पट टाकावे लागतात. आणि ब्लाइंड माणसाकडे बघून खेळणाऱ्याला शो मागता येत नाही. त्यानं खेळत राहायचं, नाहीतर पॅक व्हायचं. शो मागितला तर ब्लाइंडवालीनं मागायचा. हा नियम कुणी केला देव जाणे, पण करताना त्याच्या डोळ्यांसमोर अप्पा असावेत.

रात्री दोनच्या सुमाराला बाकीचे सगळे गळाले आणि डावात अप्पा आणि माई उरली. अप्पांकडे राणीची जोडी, वर एक्का. हे आम्हाला लगेच कळलं, कारण अप्पा थापा पकडण्यात इतके गुंतलेले असतात की स्वतःची पानं झाकायचं त्यांना सुचत नाही. माईनं रुपया टाकला. अप्पांनी दोन टाकले. माईनं रुपया टाकला. अप्पांनी चष्मा पुसायला घेतला आणि मग तसाच डोळ्यांवर ठेवला. पुसून बघणार काय? माईच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं, कारण माईला काहीही माहीत नव्हतं. जिची पानं तिनंच बघितलेली नाहीत, ती खरं बोलते की खोटं?

“माई, एकदा पानं बघ ना,” अप्पा म्हणाले.

“मला काय करायचंय बघून?”

“अगं, बघितलीस की मला शो मागता येईल.”

“मग तू माग की. मी कुठं नको म्हटलंय?”

“मागता येत नाही, माई! नियम आहे!”

“मग नको मागू,” माई म्हणाली आणि तिनं रुपया टाकला.

पुतण्या अप्पांच्या कानाशी लागला. अख्ख्या रात्रीत हाच एक डाव होता जिथं अप्पांच्या डायरीतलं गणित जसंच्या तसं लागू पडत होतं. माईची पानं म्हणजे गड्डीतली कुठलीही तीन पानं. राणीची जोडी शंभरात अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वद वेळा जिंकणार. “वाढवा, अप्पा. चार टाका. इथं वाढवायचं असतं!” अप्पांनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तो मागं सरकला. वाढवून काय होणार? वाढवल्यानं माई थोडीच पानं उचलणार होती? जिंकण्याची शक्यता त्यांना कुणी विचारलीच नव्हती. त्यांना ती डब्याखालची तीन पानं बघायची होती.

तासभर हे चाललं. रुपया, दोन रुपये. रुपया, दोन रुपये. अप्पांची नाणी संपली, त्यांनी काकूकडून घेतली, मग माझ्याकडून, मग नाण्यांच्या पिशवीवाल्याकडून चिठ्ठी लिहून. सुपारी कातरून देण्याचं आमिष दाखवून डबा उचलायचा एक प्रयत्न झाला. माईनं डबा न उचलता झाकण उघडून सुपारी काढून दिली. आणि मग माईची पाळी आली असताना माई बसल्या जागी झोपली.

झोपलेला माणूस पॅक धरायचा की कसं, यावर कुणाचंच एकमत होईना. पुतण्या म्हणाला, पोकरच्या क्लबात वेळ ठरलेला असतो, तो संपला की हात बाद. काकू म्हणाली, म्हातारीला उठवाल तर खबरदार. डबा उचलून पानं बघावीत, असं मी सुचवलं. त्यावर अप्पा माझ्यावर उखडले. पैसे न टाकता बघणं म्हणजे चोरी. ते स्वतःची तीन पानं सदऱ्याच्या खिशात घालून, भिंतीला टेकून, माईसमोर बसून राहिले. आम्ही झोपायला गेलो.

सकाळी माई उठली, डबा घेऊन चुलीकडे गेली आणि डाव वगैरे काही तिच्या लक्षातही नव्हतं. पहाटे कधीतरी अप्पांचा डोळा लागला होता. ते दचकून उठले तेव्हा माझ्या चुलतभावाची सहा वर्षांची मुलगी पडवीत बदाम सातसाठी पत्ते गोळा करून पिसत बसली होती.

“डब्याखालची तीन पानं होती, ती कुठायत?” अप्पांनी विचारलं.

“घेतली.”

“कुठली होती?”

पोरीनं पिसणं थांबवलं. एकदा गड्डीकडे बघितलं, एकदा अप्पांकडे. “तीन एक्के,” ती म्हणाली.

अप्पांनी खिशातून आपली पानं काढली. त्यांच्याकडे चौकटचा एक्का होता. उरलेले तीन एक्के डब्याखाली असू शकत होते. त्यांनी डायरी मागवली. एकोणपन्नास पानांतून तीन, म्हणजे १८,४२४ तऱ्हा, त्यांतली एक. शक्य होतं. शक्यता फार कमी, पण शक्य होतं. ते पोरीच्या समोर मांडी घालून बसले.

“पाणी कधी प्यायलीस?”

“प्यायले नाही. दूध प्यायले.”

“खरं सांग, तीन एक्के होते?”

पोरगी रात्री उशिरापर्यंत जागी राहून दाराआडून सगळं बघत होती, हे आम्हाला नंतर कळलं. तिनं पिसलेली गड्डी सतरंजीवर ठेवली आणि तळहात पुढं केला.

“शो दहा रुपये, अप्पाआजोबा.”

अप्पांनी पाकीट काढलं.